शिलेदार, बारगीर आणि परवाना : दहशतवादाच्या काळातील शस्त्रधारणेचा विचार

दहशतवादी हल्ल्याची वार्ता आली की दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी ऐकू येतात. नागरिकांच्या हाती शस्त्र असते तर एवढी प्राणहानी झाली नसती, असे एक पक्ष म्हणतो. देशात आधीच शस्त्रे फार झाली आहेत, सरकारने ती कठोरपणे आवरावीत, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही मते प्रामाणिक असू शकतात. परंतु त्यांची मांडणी बहुधा अमेरिकेतील वादाच्या साच्यात केली जाते, आणि त्यामुळे आपल्या देशातील प्रश्नाचे स्वरूप झाकले जाते. अमेरिकेच्या संविधानातील १७९१ची दुसरी दुरुस्ती आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ‘हेलर’ खटल्यात तिचा लावलेला अर्थ, यांमुळे तेथे व्यक्तीचा शस्त्रधारणेचा हक्क हा वादाचा आरंभबिंदू ठरतो. आपल्याकडे आरंभबिंदू वेगळा आहे. शस्त्र कोणाच्या मालकीचे, ते कोणाच्या आज्ञेने चालावयाचे आणि सुटलेल्या गोळीचा जाब कोणी द्यावयाचा, हे तीन प्रश्न येथे दीड शतकाहून अधिक काळ विचारले जात आहेत. त्यांचा मागोवा घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक मूळचा भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने शब्दांपासून प्रारंभ करणे त्यास सोयीचे वाटते. पण ही केवळ सोय नाही. या विषयात शब्दांनी कायद्याइतकेच काम केले आहे.

१. शब्दांची साक्ष

‘हत्यार’ हा शब्द ‘हत्या’ या शब्दापासून निघाला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे नाते ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’ या शब्दाशी आहे. हिंदीतील ‘हाथ’ व ‘हथियार’ ही जोडी पाहिली म्हणजे शंका उरत नाही. हाताने वापरावयाचे साधन ते हत्यार. म्हणूनच मराठीत सुताराच्या वाकसाला, पटाशीला हत्यार म्हणतात आणि तलवारीलाही हत्यारच म्हणतात. खंडेनवमीस घरोघर ज्या वस्तूंची पूजा होते तीत नांगराचा फाळ, कुऱ्हाड, करवत आणि तलवार एकाच पाटावर मांडली जातात. शेत राखणे आणि घर राखणे यांत आपल्या भाषेने फारसा भेद केला नव्हता, असा याचा अर्थ होतो.

‘शस्त्र’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी कापण्याची क्रिया आहे, तर ‘अस्त्र’ या शब्दाच्या मुळाशी फेकण्याची. दारूगोळ्याच्या शस्त्रांची नावे मात्र जवळजवळ सर्व बाहेरून आली. ‘बंदूक’ अरबीतून फारसीच्या वाटेने, ‘तोफ’ तुर्कीतून, तर ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून. ‘परवाना’ हा शब्द फारसी राजव्यवहारातला. त्याचा मूळ अर्थ आज्ञापत्र. ‘दहशत’ही त्याच मार्गाने मराठीत आली. हिंदीने ‘दहशतवादा’साठी पुढे ‘आतंक’ हा संस्कृत शब्द उचलला. त्याच्या जुन्या अर्थांत भयाबरोबर रोगही अंतर्भूत आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची जोडी मात्र ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ ही आहे. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र; शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे व स्वतःचे शस्त्र घेऊन चाकरीस येणारा. बारगिरास घोडा व सामान सरकारातून मिळे. पगारात व प्रतिष्ठेत शिलेदार वरचढ असला तरी शिवकालीन व्यवस्थेत सरकारी पागा बलवान ठेवून शिलेदारांस तिच्या नियंत्रणाखाली राखण्याचे धोरण होते, हे सभासदाच्या बखरीवरून दिसते. कारण उघड आहे. शस्त्र ज्याचे, त्याची निष्ठा त्याच्यापाशीच राहते. रजा न घेता निघून जाणारा शिलेदार आपली तलवार बरोबर घेऊन जातो. बारगिरास ती ठेवून जावी लागते. आज आपण ज्यास ‘वैयक्तिक शस्त्रपरवाना’ आणि ‘सरकारी ग्रामरक्षक’ म्हणतो, त्यांतील भेद पुष्कळ अंशी हाच आहे.

या जोडीशेजारी तिसरी एक व्यवस्था उभी होती. गावचा जागल्या, मग तो रामोशी असो, महार असो वा भिल्ल असो, गावाच्या रक्षणासाठी नेमलेला असे आणि त्याबद्दल त्यास गावातून हक्क मिळत. चोरी झाली तर माग काढून तो शेजारच्या गावाच्या हद्दीपर्यंत पोचविणे हे त्याचे काम. तसे न जमल्यास नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर व गावावर येई. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची दखल आहे. येथे शस्त्र होते आणि शस्त्राबरोबर जबाबदारीही होती. ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवणे अवश्य आहे.

२. निःशस्त्रीकरणाचा कायदा

१८५७च्या उठावानंतर शस्त्रे काढून घेण्याचे कायदे झाले. पण त्यांस स्थायी रूप आले ते १८७८च्या शस्त्र कायद्याने. लॉर्ड लिटन या वेळी व्हाइसरॉय होता. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा आहे. लेखणी आणि तलवार यांच्यावर एकाच वर्षी परवान्याची सत्ता आली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. बंदूकच नव्हे, तर तलवार, भाला अशी हत्यारेही या कायद्याच्या कक्षेत आली. मात्र युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांस परवान्याची गरज ठेवली नव्हती. त्यामुळे कायद्याचा खरा आशय सुव्यवस्थेचा नसून अविश्वासाचा आहे, हे सुशिक्षित हिंदी माणसाच्या लगेच ध्यानात आले.

अपवादांची यादी मोठी बोलकी होती. कोडगूतील कोडवांना इंग्रजांनी दिलेली सवलत हा त्यांतील प्रसिद्ध अपवाद. तो स्वातंत्र्यानंतरही टिकला. २०१९ साली केंद्र सरकारने त्यास २०२९पर्यंत मुदतवाढ दिली आणि २०२१मध्ये कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. राज्यसत्ता ज्यांच्यावर विश्वास ठेवते त्यांस परवाना लागत नाही, हे सूत्र अशा रीतीने एका कोपऱ्यात आजही जिवंत आहे.

कायदा झाल्यानंतर वर्षभरातच, १८७९ साली, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात बंड उभारले. त्यांचे साथीदार मुख्यतः रामोशी होते, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांकडे गावच्या रक्षणाचे काम होते असे लोक. गावगाडा मोडला, जागल्याचे हक्क आटले, शस्त्र बेकायदा ठरले. तेव्हा जो राखणदार होता तोच सरकारदप्तरी दरोडेखोर झाला. फडके यांस एडन येथे ठेवण्यात आले व तेथे १८८३ साली त्यांचा अंत झाला.

राष्ट्रीय सभेने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. कायद्याने प्रजेच्या राजनिष्ठेवर अकारण कलंक लावला आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असता महात्मा गांधींनीही आपल्या पत्रकात या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. अहिंसेच्या प्रवर्तकाने असे लिहावे याचे पुष्कळांस आश्चर्य वाटते. परंतु त्यांच्या विचारात विसंगती नव्हती: ज्याच्या हाती शस्त्र येऊच शकत नाही त्याच्या शस्त्रत्यागास नैतिक मूल्य कोठून यावयाचे?

३. ‘दहशतवादी’ या नावाचा जन्म

शस्त्रबंदीने शस्त्रे नाहीशी झाली नाहीत, ती लपली. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. नाशिक येथे २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला, तो लंडनहून गुप्तपणे आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. दरम्यान १९०८ साली स्फोटक पदार्थांविषयी स्वतंत्र कायदा झाला होता. एकीकडे प्रत्येक कृत्यानंतर कायदा कडक होत गेला आणि दुसरीकडे १९२०च्या सुमारास नियमांतील वांशिक भेद काढून टाकण्यात आला. म्हणजे अविश्वास उरला, फक्त तो आता सर्वांवर सारखा बसू लागला.

सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखाली १८ एप्रिल १९३० रोजी चितगाव येथील शस्त्रागारांवर छापा पडला. छाप्याचे लक्ष्यच शस्त्रागार असावे, हे निःशस्त्र केलेल्या देशातील बंडाचे स्वाभाविक लक्षण होय. त्यानंतर बंगालमध्ये १९३२ साली जो कायदा झाला, त्याच्या नावातच ‘दहशतवादी अत्याचारांचे दमन’ असे शब्द होते. आज आपण ज्या अर्थाने ‘दहशतवादी’ म्हणतो त्या अर्थाची आणि १९३२च्या अर्थाची सरमिसळ करणे चूक आहे. अधिकाऱ्यावर नेम धरणारा क्रांतिकारक आणि रेल्वेस्थानकावरील अनोळखी गर्दीवर गोळ्या झाडणारा मारेकरी यांच्या कृतींचे स्वरूप एक नाही. तथापि एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. हा शब्द शासनाच्या भाषेतून आला, आणि त्याच्या पाठोपाठ प्रत्येक वेळी शस्त्रांविषयीचे नियम अधिक आवळले गेले. दहशतीचा काळ हा परवान्याचाही काळ असतो.

४. हक्क की कर्तव्य?

पारतंत्र्यातील या अनुभवामुळे १९२८च्या नेहरू अहवालात नागरिकांच्या मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. त्यास नियमांची मर्यादा होती. राष्ट्रीय सभेच्या १९३१च्या कराची ठरावातही तो होता. त्यामुळे संविधान घडत असता तो हक्क येणार, अशी अनेकांची समजूत असल्यास नवल नाही.

डिसेंबर १९४८मध्ये संविधानसभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली आणि कराची ठरावाचे स्मरण करून दिले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेने लादलेल्या निःशस्त्रीकरणाविरुद्धचा रोष त्यांस मान्य होता; परंतु कोणीही बाजारात जावे आणि वाटेल ते मारक साधन विकत आणावे अशी मुभा मूलभूत हक्क म्हणून दिल्यास चोर व गुंड यांनाही तिचा लाभ मिळेल आणि राज्यकारभार चालणे अशक्य होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. याहूनही महत्त्वाचा त्यांचा दुसरा मुद्दा: आग्रह धरावयाचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर राज्यावर संकट येता शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा.

दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात ‘शस्त्र’ हा शब्द आला तो निषेधरूपाने: शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. आपल्या जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर संविधानसभेने शिलेदारीस नकार दिला आणि बारगिरीची वाट मोकळी ठेवली. मुंबई प्रांतात १९४६च्या डिसेंबरात स्थापन झालेले गृहरक्षक दल आणि १९५१च्या मुंबई पोलिस कायद्यात नंतर आलेली ग्रामरक्षक दलांची तरतूद, ही या कर्तव्यकल्पनेचीच रूपे म्हणता येतील.

५. १९५९चा कायदा आणि खासगी बचाव

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. जुना कायदा राष्ट्रास निःशस्त्र करण्यासाठी होता. आता पूर्वचरित्राचा दोष नसलेल्या नागरिकास स्वसंरक्षणार्थ आवश्यक तेथे परवाना मिळावा, असे त्याच्या उद्दिष्टनिवेदनात म्हटले होते. आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा शिकारीसाठी, आणि ठासणीची बंदूक पिकांच्या रक्षणासाठी, प्रामाणिक अर्जदारास द्यावी असा कायद्याचा कल आहे. कोकणातील रानडुकरे व वानर यांच्या उपद्रवाने त्रासलेल्या शेतकऱ्यास या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. आणि निवडणूक आली की तीच बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते तेव्हा होणारी कुचंबणाही त्याच्या परिचयाची आहे.

उद्दिष्ट उदार असले तरी काळ त्यास अनुकूल राहिला नाही. १९८३च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मर्यादा आली. २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली.

याच्या जोडीस दंडविधानातील खासगी बचावाचा हक्क विचारात घेतला पाहिजे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेची कलमे ९६ ते १०६ या विषयाची होती; १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ या कलमांत जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. प्राणघातक हल्ला होत असता हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. मात्र सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य मिळविण्यास अवधी असेल तर तो हक्क राहत नाही, आणि बचावापुरत्या आवश्यक इजेहून अधिक इजा करता येत नाही. आपल्या कायद्यातील विलक्षण अंतर येथे दिसून येते. एक कायदा म्हणतो, पोलिस वेळेवर पोचू शकत नसेल तर तुझा तू बचाव कर. दुसरा कायदा म्हणतो, बचावाचे साधन मात्र आमच्या अनुज्ञेवाचून बाळगू नकोस. शांततेच्या काळात हे अंतर जाणवत नाही. पोलिस ठाणे ज्या गावापासून चार तासांच्या पायवाटेवर आहे, तेथे दहशतीच्या काळात ते जीवघेणे ठरते.

६. मुंबईचा अनुभव

मुंबईने या प्रश्नाच्या दोन बाजू दोन प्रसंगी पाहिल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींनंतर १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांची मालिका झाली व तीत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात एका नामवंत चित्रपट अभिनेत्याकडे स्वयंचलित रायफल आल्याचे सिद्ध झाले. आपण ती कुटुंबाच्या रक्षणासाठी घेतली, असे त्याचे म्हणणे होते. विशेष न्यायालयाने त्यास दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दोषसिद्धी कायम ठेवली, मात्र शिक्षा पाच वर्षांवर आणली. भीती खरी असली तरी ती बेकायदा शस्त्रास परवाना देत नाही, हा या निर्णयाचा अर्थ. त्याचा आणखी एक अर्थ आहे. भीतीपोटी विकत घेतलेले शस्त्र ज्या वाटेने येते, त्याच वाटेने दहशतवाद्याचेही शस्त्र येत असते. ग्राहक निराळे असले तरी दुकान एकच असते.

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात दहा हल्लेखोरांनी १६६ माणसांचा बळी घेतला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींपुढे जे मोजके पोलिस उभे राहिले, त्यांच्यापाशी जुन्या ‘थ्री-नॉट-थ्री’ बंदुका वा नुसत्या लाठ्या होत्या. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी हाती बंदूक नसताना जिवंत हल्लेखोर पकडून दिला व त्यात प्राण वेचले. त्याच रात्री स्थानकावरील उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांस सुरक्षित दिशेने काढून दिले. त्यांच्यापाशी होता तो फक्त आवाज. प्रत्येक प्रवाशाच्या पिशवीत पिस्तूल असते तर त्या गर्दीत काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही: वर्दीवाचून गोळी झाडणारा रक्षक कोण आणि मारेकरी कोण, हे धावून येणाऱ्या पोलिसास कळण्याचा मार्ग राहिला नसता. महानगरातील गर्दीत कमतरता होती ती रक्षकांच्या शस्त्रांची व तयारीची. नागरिकांच्या शस्त्रांची नव्हे. पहलगामजवळ २२ एप्रिल २०२५ रोजी जे २६ जण मारले गेले, ज्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते, त्यांच्याही बाबतीत हेच म्हणावे लागते. कुटुंबासह सहलीस गेलेल्या माणसाने शस्त्र घेऊन जावे अशी अपेक्षा करणे म्हणजे राज्याने आपले काम त्याच्या खांद्यावर टाकणे होय.

७. डोंगरवस्तीचा अनुभव

डोंगरातील एकाकी गावांची कथा मात्र वेगळी आहे. जम्मू विभागातील डोडा, किश्तवाड, राजौरी, पूंछ या भागांत १९९०नंतर दहशतवाद पसरला. किश्तवाडजवळ ऑगस्ट १९९३मध्ये बसमधून उतारू निवडून मारण्यात आले. वस्ती विरळ, घरे डोंगरउतारावर विखुरलेली, हिवाळ्यात वाटा बंद. अशा मुलखात प्रत्येक वाडीस पोलिस ठाणे देणे शक्य नव्हते. तेव्हा १९९५ साली, शंकरराव चव्हाण केंद्रीय गृहमंत्री असताना, ग्रामरक्षण समित्यांची योजना सुरू झाली. गावातील निवृत्त सैनिक व धडधाकट पुरुष निवडावेत, त्यांस ‘थ्री-नॉट-थ्री’ बंदुका व काडतुसे द्यावीत, आणि विशेष पोलिस अधिकारी या नात्याने एकाच्या हाती सूत्रे असावीत, असे तिचे स्वरूप होते. १९९८च्या जूनमध्ये चपनारी येथे लग्नाच्या वऱ्हाडावर झालेल्या हत्याकांडासारख्या घटना थांबल्या नाहीत. तथापि अनेक वाड्यांतील स्थलांतर या बंदुकांनी रोखले, हे सामान्यतः मान्य केले जाते. हे शस्त्र केवळ एका धर्माच्या हाती होते असेही नव्हे. पूंछ-राजौरीच्या उंच भागांत गुज्जर मुसलमानांनी, त्यांत स्त्रियांनीही, दहशतवाद्यांचा सामना केला. राजौरी जिल्ह्यातील एका गुज्जर तरुणीने २००९ साली घरात शिरलेल्या दहशतवाद्यास त्याच्याच रायफलीने ठार केले व पुढे तिचा कीर्तिचक्राने गौरव झाला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही समिती-सदस्यांवर खून, धाकदपटशा यांसारखे गुन्हे नोंदले गेले. जेथे समिती एकाच समाजाची झाली तेथे शेजारच्या वस्तीस तिच्या बंदुकीचे भय वाटू लागले. दहशतवाद ओसरला तसे शासनाचे लक्षही ओसरले. बंदुका जुन्या झाल्या, सराव थांबला. मार्च २०२२मध्ये नवी योजना मंजूर झाली, तीत सदस्यांस ‘ग्रामरक्षक’ म्हणून दरमहा ४००० वा ४५०० रुपये मानधन ठरले आणि जिल्हा पोलिसप्रमुखाची देखरेख आली. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीजवळ ढांगरी गावात घरांत शिरून गोळीबार झाला व दुसऱ्या दिवशी तेथेच स्फोट झाला. दोन्ही मिळून सात जीव गेले. पहिल्या संध्याकाळी एका ग्रामरक्षकाने आपल्या जुन्या बंदुकीतून झाडलेल्या गोळ्यांमुळे हल्लेखोर पळाले. यानंतर ग्रामरक्षकांस केंद्रीय राखीव पोलिस दलाकडून नव्याने प्रशिक्षण मिळू लागले. परंतु नोव्हेंबर २०२४मध्ये किश्तवाडच्या रानात गुरे चारावयास गेलेल्या दोन ग्रामरक्षकांचे अपहरण करून त्यांस ठार मारण्यात आले. गावातील बंदूक गावाचे रक्षण करते. बंदूकधारी माणूस मात्र त्यामुळेच शत्रूच्या यादीत जातो.

पंजाबातील भिखीविंड येथील एका कुटुंबाची कहाणी हेच सांगते. १९९०च्या सप्टेंबरात मोठ्या टोळीने त्यांच्या घरावर केलेला हल्ला त्या कुटुंबाने सरकारने दिलेल्या शस्त्रांच्या साहाय्याने कित्येक तास लढून परतविला. कुटुंबातील चौघांना १९९३ साली शौर्यचक्र मिळाले. त्यांतील कर्त्या पुरुषाचे पोलिस संरक्षण २०२०मध्ये काढून घेण्यात आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच घरी त्याची हत्या झाली. राज्य विसरले तरी शत्रू विसरत नाही.

८. बस्तर आणि गडचिरोली

ग्रामरक्षणाची कल्पना कशी बिघडते, याचे उदाहरण छत्तीसगडात मिळते. २००५च्या जूनमध्ये बस्तरात ‘सलवा जुडूम’ नावाने नक्षलवाद्यांविरुद्ध मोहीम उभी राहिली. तिच्याशी संबंधित आदिवासी तरुणांस विशेष पोलिस अधिकारी नेमून दरमहा ३००० रुपये मानधनावर बंदुका देण्यात आल्या. त्यांचे शिक्षण अल्प, प्रशिक्षण अपुरे. आणि काम मात्र नक्षलवाद्यांशी प्रत्यक्ष सामन्याचे. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर खटल्यात ही व्यवस्था संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांविरुद्ध ठरविली व त्यांच्या हातची शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. निर्णयाचा गाभा असा की, राज्याने आपले कर्तव्य अशिक्षित, तुटपुंज्या मोबदल्यावर ठेवलेल्या तरुणांच्या जिवावर पार पाडता कामा नये. हे तरुण धड बारगीर नव्हते, कारण सरकारी सेवकाचे हक्क त्यांस नव्हते. आणि शिलेदारही नव्हते, कारण शस्त्र त्यांचे नव्हते. जोखीम तेवढी त्यांची स्वतःची होती.

सीमेपलीकडे आपल्या गडचिरोली जिल्ह्यात त्याच शत्रूशी निराळ्या रीतीने सामना झाला. तेथे १९९० साली ‘सी-६०’ हे पथक उभारण्यात आले. त्यातील जवान स्थानिक आदिवासीच, पण ते नियमित पोलिस सेवेतील. त्यांस वेतन आहे, शिस्त आहे, निवृत्तिवेतन आहे आणि चुकल्यास चौकशीही आहे. दुसरीकडे त्याच जिल्ह्यातील अनेक गावांनी आपल्याकडील ‘भरमार’, म्हणजे ठासणीच्या बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्या. कारण घरात बंदूक असल्यास नक्षलवादी ती मागावयास येतात, आणि देणारा व न देणारा दोघेही अडचणीत येतात. या दोन्ही पथकांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नव्हे. पण चूक झाल्यावर जबाबदार कोण, हे एका ठिकाणी ठरलेले आहे व दुसऱ्या ठिकाणी ठरलेले नव्हते.

९. निष्कर्ष

हा प्रश्न आजही जिवंत आहे. आसामच्या मंत्रिमंडळाने मे २०२५मध्ये संवेदनशील व दुर्गम भागांतील मूळ रहिवाशांस शस्त्रपरवाने देण्याची विशेष योजना मंजूर केली. मणिपुरात २०२३च्या मेपासून शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली आणि दोन्ही बाजूंच्या गावांत ‘स्वयंसेवक’ उभे राहिले. मणिपुरातील प्रत्येक बंदूकधारी स्वतःस रक्षकच म्हणवितो. जेथे शेजारी हाच शत्रू मानला जातो, तेथे स्वसंरक्षण व आक्रमण यांची रेषा पुसली जाते, आणि परवाना ‘मूळ’ कोण यावरून द्यावयाचा झाल्यास १८७८च्या अपवादांच्या यादीचीच नवी आवृत्ती निघण्याचा धोका असतो.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, शहरातील गर्दी आणि डोंगरातील वाडी यांस एकच उत्तर लागू पडत नाही. जेथे राज्याचा रक्षक काही मिनिटांत पोचू शकतो, तेथे त्यालाच सुसज्ज करणे हा मार्ग होय. जेथे तो तासन्‌तास पोचू शकत नाही, तेथे गावाच्या हाती शस्त्र देण्यास नकार देणे म्हणजे गावास मारेकऱ्याच्या हवाली करणे होय. खासगी बचावाचा हक्क कागदावर देऊन त्याचे साधन नाकारणाऱ्या राज्याने निदान हे अंतर तरी भरून काढले पाहिजे.

दुसरी गोष्ट, असे शस्त्र द्यावयाचे तर ते व्यक्तीच्या मालकीचे नसून गावाच्या जबाबदारीचे असावे, आणि ती जबाबदारी सर्व समाजांत वाटलेली असावी. जुन्या जागल्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. त्याच्या हातच्या भाल्याबरोबर नुकसानभरपाईचे ओझेही होते, म्हणून गाव त्यास भीत नसे. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु शस्त्र आणि जाब यांची तिने घातलेली गाठ विसरण्यासारखी नाही.

तिसरी गोष्ट राज्याच्या कर्तव्याची. आंबेडकरांनी हक्काऐवजी कर्तव्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या शब्दात देवाणघेवाण गृहीत होती. जो नागरिक राज्याच्या वतीने बंदूक उचलतो, त्याचे प्रशिक्षण, त्याचे वेतन, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाचा निर्वाह आणि संकट ओसरल्यावरही त्याचे संरक्षण, ही राज्याची देणी आहेत. किश्तवाडच्या रानात आणि भिखीविंडच्या घरात ती अपुरी पडली. इंग्रजी राज्याचा दोष हा की त्याने प्रजेवर विश्वास ठेवला नाही. स्वतंत्र राज्याने विश्वास ठेवला, पण ज्याच्यावर ठेवला त्यास पुष्कळदा एकटे सोडले. बारगिरास घोडा देणाऱ्या सरकारने त्याच्या दाणावैरणीची चिंता वाहिली पाहिजे, हा आपल्याच इतिहासातला साधा नियम; शस्त्रांविषयीचे कोणतेही नवे धोरण प्रथम त्यावर घासून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.